तुम्ही विचारलंत म्हणून: क्रूझवर बाल्कनीच्या खोलीचे पैसे भरायचे आणि खोली खालच्या डेकवर, म्हणजे खालच्या मजल्यावर, कशाला?

प्रश्न एकच, विचारणारा फक्त बदलतो. "मॅडम, पैसे बाल्कनीचे घेतलाव आणि खोली खालच्या डेकवर दिलाव. आम्ही काय तळघरात झोपायला चाललाव का?" कधी फोन लातूरचा असतो, कधी उदगीरचा, कधी अंबाजोगाईचा. लातूर एक्सप्रेसमध्ये खालचा बर्थ मिळाला नाही तर टीसीच्या मागं डबाभर फिरणारी हीच माणसं जहाजावर मात्र वरचं, त्याहून वरचं, सगळ्यांत वरचं मागतात. क्रूझचं बुकिंग करून देणं हा माझा धंदा आहे आणि तेच तेच सांगून घसा बसलाय, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

आधी कमिशनचा संशय. खालची खोली दिली की मला जास्त मिळतं, असं काही जण तोंडावर बोलत नाहीत, पण त्यांच्या आवाजात ते ऐकू येतं. कमिशन भाड्यावर टक्केवारीनं असतं. वरच्या डेकचं भाडं बहुतेक वेळा जास्त, म्हणजे माझा फायदाही वरच. पुढं.

तळघराचं म्हणाल, तर बाल्कनीचा 'खालचा डेक' पाण्याखाली नसतोच. मोठ्या जहाजांवर लाइफबोटी साधारण चौथ्या-पाचव्या डेकच्या आसपास टांगलेल्या असतात आणि बाल्कन्यांची मुख्य रांग त्याच्या वर, सहाव्या-सातव्या-आठव्या डेकपासून सुरू होते. तिथून पाणी खाली पंधराएक मीटरवर असतं. त्याच्या खाली गोल खिडक्यांच्या खोल्या, त्याखाली कर्मचारी, त्याखाली इंजिन. अपवाद आहेत. कार्निव्हलच्या काही जहाजांवर दुसऱ्या डेकवर 'कोव्ह बाल्कनी' मिळते, पाण्याच्या अगदी जवळ. समुद्र खवळला की तिचं जाड दार बंद करून टाकतात. क्वीन मेरी २ वर खालच्या बाल्कन्या जहाजाच्या पोलादी अंगातच कापून काढल्यात. वारा लागत नाही, पण पुढचा कठडा भरीव पोलादाचा, त्यामुळं खुर्चीत बसलं की समोर समुद्राऐवजी पत्रा.

आता हलण्याचं. जहाज मुख्यतः दोन प्रकारे हलतं. एक, डावी-उजवीकडं कलतं. दुसरं, पुढचं टोक वर जातं तेव्हा मागचं खाली, मग उलट. डावी-उजवी कलण्यात उंचीला महत्त्व आहे. जहाज तीन अंश कललं तर पाण्यापासून पंधरा मीटरवरची खोली एका बाजूला पाऊण मीटरभर सरकते, तीस मीटरवरची दीड मीटरहून जास्त. बरोबर दुप्पट. पण यावर इलाजही आहे. जहाजाच्या पोटाला दोन्हीकडं माशाच्या परांसारखे पंखे असतात, स्टॅबिलायझर म्हणतात. ते हे कलणं बरंच मारतात. जहाज चालतं असलं तरच मात्र, कारण पाणी पंख्यांवरून वाहिल्याशिवाय त्यांना जोर येत नाही.

पुढं-मागं डुलण्याला हे पंखे काही करू शकत नाहीत. आणि तिथं मजल्याला जवळजवळ काही अर्थ उरत नाही, मध्यापासूनचं अंतर मोजायचं. जहाज एकच अंश डुललं तरी मध्यापासून नव्वद मीटर पुढं असलेली खोली दीड मीटर वर आणि दीड मीटर खाली जाते. म्हणजे दहा फूट, अख्खा एक मजला, रात्रभर. मध्यापासून पंधरा मीटरवरची खोली तेवढ्याच डुलण्यात पाव मीटर वर-खाली होते. आठव्या डेकवर अगदी पुढं घ्या नाहीतर बाराव्यावर अगदी पुढं घ्या, त्या दहा फुटांतून सुटका नाही. हे ऐकून घ्यायला कुणी तयार नसतं. मजला सगळे विचारतात, मध्य कुणीच विचारत नाही.

औसा तालुक्यातल्या मावशींचं प्रकरण मी याच कारणानं सगळ्यांना सांगते, नाव न घेता. मुंबई-गोवा-मुंबई, एप्रिलची सुट्टी. मुलानं डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, मोबाइलवर मोठा करून बघितला आणि सगळ्यांत वरच्या बाल्कनी डेकवरची, सगळ्यांत पुढची खोली धरली. का, तर कॅप्टन जिथून जहाज चालवतो ती जागा तिथंच जवळ. "कॅप्टनच्या शेजारी, मॅडम!" मी म्हणलं, मावशींना निलंग्याच्या एसटीत गाडी लागते, तुम्हीच सांगितलं होतं. म्हणाला, एसटी वेगळी आन् एवढं मोठं जहाज वेगळं. फॉर्मवर मी 'मधली खोली सुचवली' असं लिहिलं, त्यानं खाली सही केली.

गोव्याला जाताना काही झालं नाही. त्या दिवसांत या किनाऱ्यावर वारा दुपारनंतर वायव्येकडून चढतो. दक्षिणेला जाताना तो जहाजाच्या पाठीकडून येतो. परतीच्या संध्याकाळी तोच समोरून आला. ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा वारा, लाटा तीनएक मीटरच्या, आणि जहाज त्यांच्यात तोंड घालत चाललेलं. जेवणं झाल्यावर घोषणा झाली की उघड्या डेकवर जाऊ नका. खोली सांभाळणारा पोऱ्या आला, त्यानं बाल्कनीतल्या खुर्च्या आडव्या पाडल्या, दार बंद करून खटका लावला आणि गेला. ज्या बाल्कनीसाठी सगळा अट्टहास, ती त्या रात्री कुलपात. कपाटातले हँगर टिण टिण वाजत राहिले. सून म्हणाली, झोपेत पोटात खड्डा पडायचा, मग कुणीतरी गादीसकट वर ढकलायचं. दिवसा असं झालं तर क्षितिजाकडं बघत बसता येतं, त्यानं बरं वाटतं. रात्री काचेबाहेर नुसता काळोख, डोळ्याला धरायला काही नाही.

मावशींना उलट्या सुरू झाल्या. गोळी दिली ती त्यानंतर, त्यामुळं तीही बाहेर आली. ही गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास पोटात गेलेली असावी लागते, हे मी दर वेळी सांगते. (काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये.) मध्यरात्रीनंतर सुनेनं त्यांना धरून लिफ्टनं खाली नेलं. जहाजावरचा दवाखाना बहुधा खालच्या डेकवर, मध्याजवळ असतो, या जहाजावरही तसाच होता. बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडं होते. अर्धा तास गेला. इंजेक्शन अजून व्हायचं होतं, आणि मावशींनी मान वर करून विचारलं, "इथं बोट थांबली का गं?"

थांबली नव्हती. तोच समुद्र, तोच वारा, तेच जहाज.

त्यानंतर त्या खोलीत परत जायला तयार होईनात. रिसेप्शनवर विचारलं तर जहाज भरलेलं, बदलून द्यायला खोली नाही. मग जहाजाच्या मधोमध असलेल्या मोठ्या हॉलमध्ये सोफ्यावर शाल पांघरून मुंबई येईपर्यंत दोघी बसून. दवाखान्याचं बिल खोलीच्या खात्यावर चढलं ते निराळंच.

दोन दिवसांनी मुलाचा फोन. "तुम्ही जोर देऊन सांगायला पाहिजे होतं." मी सहीचा कागद काढला. तो म्हणाला, कागद सगळेच लिहितात. यावर माझ्याकडं आजही धड उत्तर नाही. स्वतःच्या पैशानं आईला फिरवायला निघालेल्या माणसाला मी किती वेळा नाही म्हणायचं?

त्या प्रकरणानंतर बराच काळ मी प्रत्येकाच्या फॉर्मवर डोळे मिटून 'खालचा डेक, मधली खोली' लिहायची. आताची मी त्या मीशी भांडते. खालच्या डेकला स्वतःची दुखणी आहेत आणि ती गिऱ्हाइकाला सांगायलाच हवीत. सगळ्यांत खालच्या बाल्कनीसमोर किंवा पायाशी लाइफबोट येऊ शकते. सरळ बघितलं तर समुद्र, खाली बघितलं तर नारिंगी टप. म्हणून नुसता डेक प्लॅन बघून भागत नाही, जहाजाचा बाजूनं काढलेला फोटो घेऊन खिडक्या मोजायच्या. बाल्कन्यांच्या पहिल्या डेकखाली थिएटर, बार, कॅसिनो असे मजले असतात, ढोलाचा ठेका रात्री उशिरापर्यंत गादीतून येतो. वर आणि खाली दोन्हीकडं खोल्याच असलेला डेक सगळ्यांत शांत. प्लॅनवर खोल्यांच्या रांगेत मधेच कोरी पांढरी जागा दिसली तर ती बहुधा कर्मचाऱ्यांची, पहाटे तिथून ट्रॉल्या निघतात. पुढच्या भागात, खालच्या बाजूला, जहाज धक्क्याला लावताना बो थ्रस्टर, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक बाजूला ढकलणारी यंत्रं, सुरू होतात. पहाटे पाचला पलंग थरथरतो. काही जहाजांवर बाल्कन्या पायऱ्यांसारख्या बाहेर निघालेल्या असतात. खालची ऐसपैस, पण उघडी. वरच्या तीन डेकवरची माणसं तुमच्या चहाच्या कपात डोकावतात.

वरच्या डेकलाही दुखणी आहेतच. डोक्यावर पोहण्याच्या तलावाचा डेक असला की सकाळी सहापासून खुर्च्या ओढल्याचा आवाज. वर आणि मागं असलात तर चिमणीची काजळी बाल्कनीत.

तरुण जोडपं आहे, कुणाला काही लागत नाही, सिंगापूरहून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून पेनांग-फुकेतला चाललंय, तर तिथं पाणी बहुतेक शांत असतं. घ्या वरची खोली. मी अडवणार नाही. क्षितिजही वरून लांबचं दिसतं: पंधरा मीटरवरून चौदाएक किलोमीटर, तीस मीटरवरून वीसच्या जवळ. फक्त डॉल्फिन दिसले तर वरून ठिपके दिसतील, खालून पाठी दिसतील.

"बुडालं तर खालचे आधी जाणार ना?" हाही हमखास प्रश्न. लाइफबोटी कुठं असतात ते वर लिहिलंय. संकटात लिफ्ट वापरायची नसते. सातव्या डेकवरून दोन-तीन जिने उतरायचे, तेराव्या-चौदाव्यावरून आठ-नऊ. गुडघे दुखणाऱ्या माणसानं हिशेब करावा. आणि सुटण्याच्या वेळची सुरक्षेची कवायत सेल्फी काढण्यात घालवू नये.

राहिलेलं थोडक्यात. मुंबईहून गोव्याला जाताना जहाजाची डावी बाजू किनाऱ्याकडं आणि उजवी सूर्यास्ताकडं असते, येताना उलट. त्यावरून भांडू नका. 'गॅरंटी' नावाची स्वस्त बाल्कनी घेतली तर खोली कंपनी ठरवते, मग मधली-बिधली मागायची सोय नाही. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असलेली खोली दोन कुटुंबं मिळून असतील तरच घ्या, नाहीतर शेजाऱ्यांची भांडणं तोंडपाठ होतात. बाल्कनीचं दार उघडं असताना खोलीचं दार उघडू नका, वाऱ्यानं असं आपटतं की बोट सापडलं तर गेलं. आणि बाल्कनीच्या कठड्यावर साड्या वाळत घालू नका. उडून जातात, आणि फोन मला येतो.

मावशींच्या घरचं या दिवाळीचं बुकिंग परत माझ्याकडं आलंय. मावशींना खालची, मधली, आणि बाल्कनी हवीच. मुलगा म्हणतो, त्या वेळी वारा होता म्हणून तसं झालं, या वेळी वर घेऊ. सून म्हणते, दोन खोल्या घ्या. ॲडव्हान्स अजून भरलेला नाही.