काळ्याऐवजी ग्रे: मऊ स्मोकी डोळ्यांसाठी पेन्सिल कशी वापरावी

काळ्या काजळाचा स्मोकी आय, म्हणजे धुरासारखा पसरवलेला गडद डोळा, रात्रीच्या रिसेप्शनला शोभतो. सकाळच्या उजेडात, ऑफिसात किंवा हळदीकुंकवाला तोच डोळा जड आणि जागरण झाल्यासारखा दिसतो. काळी रेघ कितीही पसरवली तरी तिची कडा लपत नाही. ग्रेची कडा त्वचेत विरून जाते, आणि मऊपणा येतो तो त्यामुळेच. मात्र ग्रेची छटा चुकली तर तो काळ्यापेक्षा वाईट दिसतो, म्हणून पेन्सिल निवडण्यावर थोडा वेळ घालवा.

ग्रे पेन्सिलीत साधारणपणे दोन रंगद्रव्यं असतात: काळा आयर्न ऑक्साइड आणि पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड. घटकांच्या यादीत त्यांचे क्रमांक ७७४९९ आणि ७७८९१ असे छापलेले असतात. पांढरा जितका जास्त, तितका ग्रे फिका. गोऱ्या त्वचेवर हा फिका ग्रे खपून जातो, पण गव्हाळ किंवा सावळ्या पापणीवर पांढरा अंश उठून येतो आणि डोळ्यावर राख फासल्यासारखी दिसते. आपल्याकडच्या बहुतेक रंगांना गडद कोळशी ग्रे किंवा तपकिरी झाक असलेला ग्रे जास्त चांगला. निळसर ग्रेपासून जरा जपून, विशेषतः डोळ्यांखाली काळी वर्तुळं असतील तर. दोन्ही निळसर छटा एकत्र आल्या की मार लागल्यासारखं दिसतं.

दुकानात टेस्टर थेट डोळ्याला लावू नका. हाताच्या पाठीवर रेघ ओढा, लगेच बोटाने पसरवा आणि दाराशी जाऊन दिवसाच्या उजेडात बघा. रेघेचा रंग काय आहे याला महत्त्व नाही. पसरवल्यावर उरलेली फिकट कडा राखट किंवा हिरवट दिसत असेल तर ती पेन्सिल सोडून द्या. चकाकीवाला गनमेटल (धातूसारखा गडद) ग्रे फोटोत छान येतो, पण पापणीवर बारीक सुरकुत्या असतील तर चकाकी नेमकी त्यांनाच उठाव देते. तिथे मॅटच बरा.

पेन्सिलीचा प्रकारही बघायला हवा. मेण-तेलाची साधी काजळ पेन्सिल कधीच पूर्ण सुकत नाही. ती सहज पसरते आणि तितक्याच सहज खाली ओघळते. वॉटरप्रूफ जेल पेन्सिलीतला उडून जाणारा भाग साधारण ३० ते ६० सेकंदांत उडतो आणि रंग जागच्या जागी बसतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत जेलच घ्या. ओल्या लिक्विड लायनरचा या लुकसाठी उपयोग नाही.

सुरुवात कोरड्या पापणीने. रात्रीच्या क्रीमचा किंवा सनस्क्रीनचा तेलकटपणा टिश्यूने टिपून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढा आय प्रायमर (रंग टिकावा म्हणून आधी लावायचा थर) दोन्ही पापण्यांना पुरतो. जास्त लावला की तोच घडीत गोळा होतो. एक मिनिट थांबा, मग त्वचेच्या रंगाची मॅट आयशॅडो हलक्या हाताने फिरवा. ही पायरी गाळली तर पेन्सिल चिकट प्रायमरवर अडखळते आणि पसरवताना ठिपके पडतात. पापणीच्या घडीत त्वचेपेक्षा एक-दोन छटा गडद, उबदार तपकिरी मॅट शॅडो फिरवून ठेवा. ग्रे थेट त्वचेला भिडला तर मळका वाटतो. मध्ये तपकिरी असला की वर जाताना सावलीसारखा फिका होतो.

आता रेघ. एका वेळी एकच डोळा करायचा. दोन्ही डोळ्यांना रेघा ओढून मग ब्रश शोधायला गेलात तर पहिला डोळा सुकलेला असतो. ब्रश आधीच हातात धरा. आरसा हनुवटीच्या पातळीवर ठेवून खाली बघा, म्हणजे पापणी न ओढता ताणली जाते. बाहेरच्या कोपऱ्यापासून आत, पापणीच्या केसांच्या मुळाशी छोटे-छोटे तुटक फटकारे मारा. बाहेरच्या बाजूला रेघ ३ मिलिमीटरपर्यंत जाड चालेल, मध्यावर १ मिलिमीटर, आतल्या कोपऱ्यात जवळजवळ नाहीच. रेघ वाकडी आली तरी हरकत नाही, ती पुसलीच जाणार आहे.

लगेच छोटा, गोल टोकाचा, दाट केसांचा ब्रश घ्या आणि रेघेची फक्त वरची कडा इकडून तिकडे हलवा. हात वर सरकतो तो आपोआप. मुद्दाम वर ओढलात की रंग घडीपर्यंत जातो आणि खाली टक्कल पडतं. केसांच्या मुळाशी सगळ्यात गडद आणि वर विरळ, एवढंच हवं. मग त्याच छटेची मॅट ग्रे शॅडो चपट्या ब्रशने दाबून बसवा, घासून नाही. घासली तर खालची पेन्सिल उचलली जाते. ब्रश पापणीवर टेकवण्याआधी झटकला नाही, तर गालावर पावडर सांडते. ती बोटाने पुसू नका, कोरड्या, मऊ फुगीर ब्रशने उडवा.

पापणी घडीत लपत असेल तर डोळा मिटून केलेला सगळा रंग उघडल्यावर गायब होतो. अशा डोळ्यांसाठी समोर सरळ बघत, डोळा उघडा ठेवून, रंग जिथे दिसायला हवा तिथे आधी ठिपका द्या आणि तिथपर्यंतच पसरवा.

खालच्या बाजूला हात आखडता. केसांच्या मुळाशी बाहेरचा एक तृतीयांश भाग, तोही ब्रशवर उरलेल्या रंगानेच. पूर्ण खालची कड भरली की डोळा बारीक दिसतो. वॉटरलाइनवर, म्हणजे पापणीच्या आतल्या ओलसर कडेवर, ग्रे काळ्यापेक्षा छान बसतो, डोळा बंदिस्त वाटत नाही. पण पापणीच्या कडेवर तेलग्रंथींची तोंडं असतात, ती रोज भरून टाकणं चांगलं नाही. लेन्स वापरणाऱ्यांनी वॉटरलाइन सोडूनच द्यावी आणि लेन्स मेकअपच्या आधी घालावी. काही पारंपरिक सुरम्यांत शिसं असतं, तेव्हा ग्रे छटेसाठी सुरम्याचा शॉर्टकट नकोच.

मस्कारा काळाच हवा, आणि तो गाळू नका. ग्रेमुळे केसांची मुळं फिकी वाटतात आणि मस्काऱ्याशिवाय डोळा अपुरा दिसतो. पैठणीच्या जरीबरोबर ग्रे थंड पडतो असं वाटलं, तर पापणीच्या मध्यावर बोटाने किंचित सोनेरी शॅडो टेकवा.

दुपारपर्यंत रंग खाली उतरत असेल तर दोष बहुतेक वेळा पेन्सिलीचा नसतो. खालच्या पापणीवर तेलकट कन्सीलर (काळी वर्तुळं झाकणारी क्रीम) पावडरशिवाय राहिलेला असतो आणि मस्कारा व लायनर त्यात विरघळतात. तिथे चिमूटभर पावडर दाबली की बराच फरक पडतो. ओघळलेला रंग पाण्याने पुसायला जाऊ नका, वॉटरप्रूफ रंग फक्त पसरेल. इयरबडला थोडं मायसेलर वॉटर (मेकअप काढायचं द्रव) लावून कडेने उचला आणि वर पुन्हा पावडर दाबा.

काढताना दोन थरांचा (तेल आणि पाणी वेगळं दिसणारा) मेकअप रिमूव्हर हलवून कापसावर घ्या, १५-२० सेकंद मिटलेल्या डोळ्यावर नुसता धरून ठेवा, मग खाली सरकवा. घासलात तर ग्रेचे कण केसांच्या मुळात घुसतात आणि सकाळी उठल्यावर डोळ्याभोवती पुन्हा तीच छटा दिसते. पेन्सिल दर वापरापूर्वी थोडी तासा, वरचा थर गेला की टोक स्वच्छ राहतं. डोळे आले असतील तर ती पेन्सिल आणि मस्कारा दोन्ही फेकून द्या.