गच्चीवर दुधीचं लग्न

होळी झाली की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर वर्दळ वाढते. यंदा दहा-बारा क्रेट लावलेत, माती अगदी कमी, बाकी सगळा खालचा पालापाचोळा आणि ओल्या कचऱ्याचं खत, नाहीतर स्लॅबवर वजन येतं आणि सेक्रेटरी ओरडतात (बरोबरच आहे म्हणा). भेंडी, गवार मस्त चाललीये. दुधीने मात्र छळलं. इवलेइवले दुधी यायचे आणि चार दिवसांत पिवळे पडून गळायचे, मी आपली खत घालतेय, पाणी घालतेय, शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, त्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तू सकाळी येऊन काय बघतेस?"

खरंच की! पांढरं फूल दिवस मावळताना उघडतं, परागीभवन करतात रात्रीचे पतंग, आणि सातव्या मजल्यावर ते कुठले यायला. मग आता रोज सात वाजता टॉर्च घेऊन वर, नरफूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादीफुलाला, म्हणजे ज्याच्या मागे बोटाएवढा दुधी असतो त्याला, हलकेच टेकवायचं. आत्तापर्यंत तीन धरलेत. त्यातल्या एकावर काकूंनी आधीच हक्क सांगितलाय, थालीपिठासाठी.