पंचविसावा आठवडा

गोव्याहून परत येऊन बॅगा रिकाम्या होतात न होतात, तोच दंडाची नोटीस आली. गोवा पोलिसांची नव्हे, इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या स्विंडनच्या कौन्सिलची (नगरपालिकाच म्हणा)! मुलांनी शाळा बुडवली म्हणून.

इंग्लंडात ऑगस्ट २०२४पासून हा नियम कडक झालाय. अर्ध्या दिवसाची एक हजेरी धरतात. विनापरवानगी अशा दहा हजेऱ्या चुकल्या, म्हणजे शाळेचे पाच दिवस, की दंडाला पात्र. ८० पौंड, २१ दिवसांत भरले नाहीत तर १६०. वर हे प्रत्येक मुलामागे आणि प्रत्येक पालकामागे वेगळं. आम्ही दोघं, पोरं दोन. झाले ३२० पौंड. परवानगी आधी रीतसर मागितली होती हो! 'कौटुंबिक सहल हे अपवादात्मक कारण नाही' असं दोन ओळींचं, अत्यंत गोड भाषेतलं उत्तर आलं.

माझ्या माहेरी, गोव्यातल्या फोंड्याच्या शाळेतून मावशीच्या लग्नासाठी मी आठ दिवस गायब होते, तेव्हा परतल्यावर बाईंनी एवढंच विचारलं होतं, "जेवणात काय होतं गं?" इथे माणूस लग्नाला गेला काय, सहलीला गेला काय, रकाना एकच. अर्थात याच शाळेत माझ्या मुलाला शेंगदाणा चालत नाही हे जेवण वाढणाऱ्या बाईलासुद्धा पाठ आहे. असं फोंड्यात झालं असतं? (झालं असतं. बाई आमच्या शेजारीच राहायच्या.)

तर एवढा दंड ओढवून घ्यायला जूनमध्येच का जायचं? कारण सासरे. डोंबिवलीत राहून १९९७ साली त्यांनी गोव्यात बाणावलीजवळच्या एका रिसॉर्टमध्ये टाइमशेअर घेतला, म्हणजे दरवर्षी एक ठरलेला आठवडा तिथे राहायचा हक्क. आठवडा पंचविसावा, म्हणजे जूनचा शेवट. नाताळचा परवडण्यासारखा नव्हता, हा स्वस्तात मिळाला. तेव्हा शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची झोपडीवजा हॉटेलं, उतरवलेले, किनाऱ्यावर लाल बावटे, मासेमारी बंद. मासळीशिवाय न जेवणाऱ्या माणसाने नेमका हा आठवडा घेतला. पुढे फोंड्याची सून आली, तेव्हा म्हणाले, "बघ, तुझ्यासाठीच घेऊन ठेवला होता."

यंदा तिथल्या रिसेप्शनवर टाय लावलेल्या एका मुलाने गाठलं. आठवडा पॉइंट्समध्ये बदला आणि जगात कुठेही जा. आपला आठवडा देऊन दुसऱ्या रिसॉर्टमधला दुसऱ्याचा घ्यायचा ही कल्पना जुनी, १९७४ साली इंडियानापोलिसच्या एका जोडप्याने त्याची कंपनी काढली होती. पॉइंट्स नंतर आले. हंगाम, खोलीचा आकार आणि मागणी बघून प्रत्येक आठवड्याचे पॉइंट्स ठरतात. उरले तर पुढच्या वर्षी नेता येतात, कमी पडले तर पुढच्या वर्षातून उसने. ऐकायला झकास. मुलांच्या सुट्टीत नाताळला येता आलं तर दंडाची कटकटच मिटली!

लॅमिनेट केलेला तक्ता त्याने पुढे सरकवला. दमट हवेने त्याच्या कडा सुटल्या होत्या. जास्त मागणीचा लाल रकाना वर, मग पांढरा, अगदी तळाशी निळा. आमचा पंचविसावा निळ्यात. तीन वर्षांचे पॉइंट्स साठवले तर नाताळचा एक आठवडा जेमतेम. शिवाय सभासद फी, प्रत्येक अदलाबदलीची वेगळी फी, आणि रिसॉर्टची देखभाल आहेच, जा किंवा न जा.

"मॅडम, ही ऑफर फक्त आज."

मग मात्र मी तिकडची ऐट दाखवली. ब्रिटनमध्ये असल्या करारातून १४ दिवसांत कारण न देता बाहेर पडता येतं आणि तोवर अनामत म्हणून एक पैसाही घेता येत नाही, हे मी जरा मोठ्यानेच सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "पण मॅडम, आपण गोव्यात आहोत." तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, कवळ्याला कधी निघायचं? त्याचे कान टवकारले. तो कवळ्याजवळच्याच बांदोड्याचा निघाला. मॅडमची 'बाय' झाले. तक्ता उलटा करून म्हणाला, "मागीर पॉइंट कित्याक करतात? पावसांत गोंय कोणाक जाय?" (मग पॉइंट्स कशाला करता? पावसात गोवा कोणाला हवा?)

सल्ला होता की टोमणा, अजून कळलेलं नाही.

कोणाक जाय? २४ तारखेला सांजांव, सेंट जॉनचा सण. पानाफुलांचं कोपेल डोक्यावर घालून माझी लेक विहिरीच्या कठड्याशी उभी होती, आत पोरं धपाधप उड्या मारत होती. दुसऱ्या दिवशी बोरीच्या पुलावरून कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला, मग फोंड्याच्या बाजारात. तायखिळ्याच्या चार जुड्या घेतल्या, फणसाच्या बिया घालून भाजी करायला. रिसॉर्टच्या इवल्याशा स्वयंपाकघरात, कारण फोंड्यातल्या आमच्या घराला कुलूप आहे आणि चावी वाटणीच्या भांडणात. गाडी त्या गल्लीतून नेली, थांबवली नाही.

नवऱ्याचं म्हणणं, पावसाळ्यात चांगलं हॉटेलसुद्धा देखभालीच्या फीपेक्षा स्वस्त पडेल, टाइमशेअर सोडून देऊ. हिशोब बरोबर आहे त्याचा. पण हॉटेल घ्यायचं तर दरवर्षी ठरवावं लागेल आणि आम्ही ठरवणाऱ्यांतले नाही. इथे स्विंडनमध्ये 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणणारे गोंयकार गल्लोगल्ली आहेत. पंचविसावा आठवडा कोणाला विचारत नाही, येतो. शिवाय दंडाचे ३२० धरले तरी डिसेंबरच्या चार तिकिटांत जास्त गेले असते. हे मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. देखभालीची फी बेरजेत धरायची राहिली, ती त्याने धरली.

पॉइंट्स नको असं कळवून टाकलं. पुढच्या वर्षीची फी भरली आहे. शाळेचं जूनमध्ये बघू.