दोन खाचा

रविवारी दुपारी पोस्टाचं एक लाल तिकीट चिमट्यात धरून खिडकीशी नेलं, तर नवरा मागून म्हणाला, “हे झुरळानं खाल्लंय.”

दोन सेंटचं वॉशिंग्टन, १९०८ च्या मालिकेतलं. वरखाली सरळ कापलेलं आणि दोन्ही कडांना दोन-दोन चौकोनी खाचा. अमेरिकेचं पोस्ट तेव्हा तिकिटं विकायची नि चिकटवायची यंत्रं बनवणाऱ्या खासगी यंत्रवाल्यांना चारशे-चारशे तिकिटांचे बिनदात्यांचे, म्हणजे मधे भोकं न पाडलेले, ताव विकायचं. ते पट्ट्या कापायचे, टोकाला टोक चिकटवून गुंडाळ्या करायचे आणि आपल्या यंत्राला मानवतील तशी भोकं पाडायचे. या खाचा डेट्रॉइटच्या शेरमॅकच्या. दुसरा यंत्रवाला ब्रिंकरहॉफ, त्याची भोकं गोल. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी!

आमच्याकडे मात्र तिकिटाचे दाते म्हणजे जीव की प्राण. परातीत पाकिटांचे तुकडे भिजायचे, डिंक सुटला की तिकीट अलगद उचलून वर्तमानपत्रावर पालथं. वाळलं की आजोबा चष्मा कपाळावर चढवून एकेक दाता तपासायचे. एक जरी पडलेला असला की “बोळकं!” म्हणून बाजूला. हंगेरीच्या एका फुलपाखराचे दोन दाते तुटले होते. मी कात्री घेतली आणि चारही बाजू सरळ करून टाकल्या. काय देखणं दिसत होतं! त्या रात्री आजोबा जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

आणि आता मी पैसे मोजून बोळकी घेते.

राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या चित्राच्या चार सेंटच्या तिकिटाचे असे बिनदात्यांचे पंचवीसच ताव १९०८ मध्ये निघाले. दहा हजार तिकिटं, सगळ्यांना शेरमॅकच्या खाचा. बहुतेक पाकिटांवर चिकटून गेली. कोरी उरली ती पन्नासच्या आसपास. माझ्या वाटेला ते यायचं नाही, पण तपकिरी ग्रँट दिसला की हात आधी कडेकडे जातो.

बिनदात्यांच्या तिकिटाला घरी बसून खाचा पाडणारेही आहेत. म्हणून सुटं घेऊ नये, जोडी घ्यावी, नाहीतर शिक्क्याचं अख्खं पाकीट. हे मी भेटेल त्याला सांगते. हे लाल मात्र सुटंच घेतलं. स्वस्त होतं.

भिंग जवळ आणलं. डावीकडच्या खाचेचा कोपरा जरा जास्तच तीक्ष्ण होता, नव्या ब्लेडनं केल्यासारखा.

“काय गं, खरं आहे ना?”

“झुरळानं खाल्लंय,” मी म्हणाले.