जुन्या पीटरसन पाइपची साफसफाई : माझा अनुभव

मी तंबाखू ओढत नाही, परंतु गेली काही वर्षे ब्रायर लाकडाचे जुने पाइप जमवतो, त्यांचा काळ आणि कारखाना निश्चित करतो आणि ते स्वच्छ करून जपून ठेवतो. पुण्याच्या जुन्या बाजारात मला डब्लिनच्या पीटरसन कारखान्याचा, चांदीची कडी असलेला एक वाकडा पाइप मिळाला. त्याच्या साफसफाईचा अनुभव येथे सविस्तर लिहीत आहे, कारण या कामातले जवळजवळ सगळे पेच त्या एकाच पाइपमध्ये होते. बाउल, म्हणजे तंबाखू भरायची वाटी, काजळीने निम्म्याहून अधिक बुजलेला होता, तोंडात धरायचा स्टेम शेवाळी तपकिरी पडला होता आणि चांदी काळीठिक्कर झाली होती. विक्रेता म्हणाला, “साहेब, बफ मारून देतो, नव्यासारखा दिसेल.” मी पाइप आहे तसाच मागून घेतला. बाउल आणि स्टेम यांना जोडणाऱ्या लाकडी दांडीवर ठोकलेली अक्षरे इतकी उथळ होती की नखाला जेमतेम जाणवत होती, आणि बफच्या चाकाखाली सर्वांत आधी जातात ती नेमकी हीच अक्षरे. पाइप कोणाचा, कुठला आणि केव्हाचा हे सांगणारा लाकडावरचा पुरावा तेवढाच असतो. तो गेला की उरते ते एक चकचकीत लाकूड.

म्हणून घरी आल्यावर पाण्याचा थेंबही न लावता मी आधी शिक्के वाचले. खोली अंधारी करून, टॉर्चचा प्रकाश दांडीवर अगदी तिरपा पाडून भिंगातून पाहिले की झिजलेली अक्षरेही सावलीमुळे उठून दिसतात. कारखान्याच्या नावाखाली ‘मेड इन आयरिश फ्री स्टेट’ असे होते. आयर्लंडचे हे नाव १९२२ ते १९३७ एवढाच काळ प्रचारात होते. १९३७ च्या राज्यघटनेने ते बदलले आणि १९४९ पासून ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ असे शिक्के येऊ लागले. कारखान्यात जुना शिक्का काही काळ वापरात राहू शकतो, त्यामुळे एका खुणेवर विसंबून चालत नाही. सुदैवाने चांदीच्या कडीवर कॅप अँड पीटरसन या त्याच कंपनीची ‘के अँड पी’ ही अक्षरे, डब्लिनच्या हॉलमार्कमधील बसलेली हायबर्निया (आयर्लंडचे प्रतीक असलेली स्त्री), मुकुटधारी वीणा आणि वर्षाचे अक्षर अशा चारही खुणा होत्या. हे अक्षर दरवर्षी बदलते. ते जुळवताना नुसते अक्षर पाहून भागत नाही, त्याचे वळण आणि भोवतालच्या चौकटीचा आकारही तक्त्याशी ताडून पाहावा लागतो. अक्षर त्याच काळात बसले. लाकूड आणि चांदी यांची साक्ष जुळली, म्हणजे कडी नंतर कोणी बसवलेली नाही, हेही कळले.

या पाइपची रचना समजून घेतल्याशिवाय त्याला हात लावणे योग्य नव्हते. लाटव्हियातून आलेला कारागीर चार्ल्स पीटरसन डब्लिनमध्ये कॅप बंधूंच्या दुकानाशी जोडला गेला आणि १८९० मध्ये त्याने या ‘सिस्टिम’ पाइपचे पेटंट घेतले. दांडीत धुराच्या वाटेखाली एक खोलगट कोठा कोरलेला असतो. धुरातला ओलावा त्यात साचतो आणि कोरडा धूर पुढे जातो. स्टेमच्या टोकाचे छिद्र वरच्या बाजूला उघडते, त्यामुळे धूर थेट जिभेवर न येता टाळूकडे जातो. टोकाच्या या रचनेचे पेटंट १८९८ चे आहे. अशा पाइपमध्ये सर्वाधिक घाण बाउलमध्ये नसते, ती त्या कोठ्यात असते.

स्टेम घट्ट अडकला होता. जोर लावला असता तर चांदीच्या कडीखालचे लाकूड तडकण्याची भीती होती. मी पाइप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवला. थंडीने एबोनाइट, म्हणजे स्टेमचे कडक रबर, लाकडापेक्षा अधिक आकसते. बाहेर काढून हलकेच पिळल्यावर स्टेम करकरत सुटला. त्याच्या आत शिरणाऱ्या टोकावर डांबरासारखा चिकट थर होता.

मग बाउल. जळलेल्या तंबाखूच्या कार्बनचा जो थर आत चढतो, त्याला केक म्हणतात. पाइप ओढणारे तो साधारण एक ते दीड मिलिमीटर राखतात, कारण तो लाकडाला आचेपासून वाचवतो. मात्र तो फार जाड झाला की उष्णतेने लाकडापेक्षा अधिक प्रसरण पावतो आणि बाउलला तडा जाऊ शकतो. मला पाइप ओढायचा नव्हता, आणि आतल्या भिंतीला तडे किंवा जळालेले खड्डे आहेत का ते पाहायचे होते, म्हणून जवळजवळ सगळा केक काढायचे ठरवले. रीमर नावाचे हत्यार मिळते, पण त्याची पाती वेड्यावाकड्या केकमध्ये अडकून तोंडाची कड चेपू शकतात. त्याऐवजी पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेल्या गोल लाकडी दांडीला पॉलिश पेपर गुंडाळून मी सावकाश फिरवत राहिलो. या भुकटीत निकोटिन असते. त्यामुळे हातमोजे आणि मास्क लावून, खिडकी उघडी ठेवूनच हे काम करावे. सुरुवातीला कोळसा रगडल्यासारखा कोरडा, खरखरीत आवाज येतो, आणि लाकूड जवळ आले की तो बदलून गुळगुळीत होतो. तिथे थांबायचे. भिंत शाबूत निघाली याचा मला मनापासून आनंद झाला.

आतली वाट धुण्यासाठी पाणी वापरू नये. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये सुती पाइप क्लीनर बुडवून तो वाटेतून फिरवला. हस्तकलेच्या दुकानातले रंगीत नायलॉनचे क्लीनर यासाठी कुचकामी असतात. कोठ्यासाठी कानात घालायच्या कापसाच्या काड्या कामी आल्या. पहिल्या काड्या काळ्याकुट्ट निघाल्या, मग काळपट तपकिरी, मग चहाच्या रंगाच्या, आणि त्या पांढऱ्या येईपर्यंत मी काम सोडले नाही. लाकडात मुरलेला वास काढण्यासाठी बाउलमध्ये मीठ आणि अल्कोहोल भरून ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. मी मिठाऐवजी कापूस वापरतो. बाउल कापसाने सैलसर भरून त्यावर ड्रॉपरने अल्कोहोल सोडले की ते उडून जाताना लाकडातला राळेसारखा अंश कापसात उतरतो, आणि मीठ आत उरण्याचा प्रश्नच राहत नाही. अल्कोहोलचा थेंब बाहेर ओघळला तर रंग आणि पॉलिश उतरते, म्हणून कडेला जुने धोतर गुंडाळले होते.

स्टेमला मात्र फार वेळ लागला. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून तापवलेले नैसर्गिक रबर. प्रकाश आणि हवा यांमुळे त्याच्या पृष्ठभागाचा रंग पालटतो आणि ओला केला की गंधकाचा उग्र वास येतो. ब्लीचमध्ये बुडवून तो झटपट काळा करण्याचे उपाय सांगितले जातात, परंतु त्याने पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. मी पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर घेतला आणि ६०० पासून २००० नंबरपर्यंत क्रमाने चढत गेलो. सुरुवातीला पाणी हळदीसारखे पिवळे निघते. चांदीला टेकणारी स्टेमची धार गोल होऊ नये म्हणून तिथे जाड पुठ्ठ्याची चकती घातली होती. दातांच्या खुणांसाठी एबोनाइटचा एक गुण उपयोगी पडतो: गरम झाल्यावर ते मूळ आकाराकडे परतू पाहते. पण याच गुणामुळे वाकडा स्टेम संपूर्ण गरम पाण्यात बुडवला तर त्याचा बाकच उघडतो. त्यामुळे फक्त टोक गरम पाण्यात धरले. उथळ खुणा वर आल्या, एक खोल खूण राहिली. ती भरायला काळा गोंद मिळतो. मी ती तशीच ठेवली. त्या दातांचा माणूसही या पाइपच्या इतिहासाचा भाग आहे.

लाकडाच्या बाहेरच्या अंगाला फारसे काही केले नाही. तोंडाच्या कडेवरचा डांबरी थर ओलसर कापसाने पुसून निघाला आणि खाली कड थोडी करपलेली दिसली. ती घासून सपाट केली असती तर बाउलची मूळ उंची आणि घडण बिघडली असती. एका चेपलेल्या जागी ओल्या सुती फडक्यावरून गरम सुरीचे पाते टेकवले. वाफेने दबलेले तंतू फुगतात आणि खळगा बराच भरून येतो, मात्र शिक्क्यांजवळ हा प्रयोग कधीही करू नये, कारण ठोकलेले अक्षर हेही दबलेल्या तंतूंचेच असते. शेवटी कार्नाउबा मेण बोटाने अगदी पातळ लावून फडक्याने हातानेच चमकवले.

चांदीसाठी घरोघरी टूथपावडर वापरली जाते. हॉलमार्कवर ती मी वापरत नाही. बारीक खडूची ओलसर पूड कापसावर घेऊन, खुणांभोवतीचा भाग हळू पुसला आणि खुणांच्या खोबणीतला काळेपणा मुद्दाम राहू दिला, त्याने अक्षरे अधिक स्पष्ट वाचता येतात.

जपणुकीत आपल्या हवेचा विचार करावा लागतो. पावसाळ्यात बंद डब्यात ठेवलेल्या पाइपला आतून बुरशी येते, आणि एबोनाइटमधून सुटणाऱ्या गंधकाने शेजारची चांदी काळी पडते. म्हणून हा पाइप हवेशीर कपाटात, काचेऐवजी लाकडी दाराआड, स्टेम वेगळा काढून ठेवला आहे. कपाटातच तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या मातकट खनिजाचा, मीरशॉमचा, एक पाइप आहे. त्याला मात्र यातले निम्मे उपाय घातक ठरतील. त्याचे काम सुरू करण्यापूर्वी मला बरेच वाचायचे आहे.

प्रत्येक पाइपबरोबर मी एक कार्ड ठेवतो. या कार्डावर शिक्क्यांचे साफसफाईपूर्वीचे आणि नंतरचे फोटो, वापरलेल्या प्रत्येक पदार्थाचे नाव आणि मुद्दाम न केलेल्या गोष्टींची यादी आहे: दाताची खूण, करपलेली कड, खोबणीतला काळेपणा. उद्या हा पाइप दुसऱ्या कोणाच्या हाती गेला, तर काय मूळचे आणि काय माझ्या हातचे, हे त्याला लगेच कळावे.