कणकुंबीच्या पुढची दुपार

गोव्यातल्या साखळीच्या विठ्ठलापुढे नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं आणि पंढरपूरची पायी दिंडी घेऊन केरीच्या रस्त्याला लागलो. पहिला वाद त्याच रात्री झाला, तांदळावरून. आम्ही बासष्ट जण. माणशी सव्वाशे ग्रॅम धरला तर एका जेवणाला पावणेआठ किलो तांदूळ लागतो, म्हणजे पंचवीस किलोचं पोतं तीन जेवणांत संपतं. टेंपोत उकडे तांदूळही होते आणि सुरय, म्हणजे न उकडलेला पांढरा तांदूळही. सुरय अर्ध्या तासात शिजतो. उकड्यांना तासभर उकळी लागते, गॅस जवळजवळ दुप्पट जातो. म्हणून स्वयंपाक बघणाऱ्यांनी परस्पर ठरवलं, वाटभर सुरयच.

सत्तरी-डिचोलीची शेतकरी माणसं काही न बोलता जेवली. दुसऱ्या दिवशी चोर्ला घाट चढताना तीच माणसं दहा वाजता बसायला लागली. रोज सकाळी पेज पिणाऱ्या माणसाला पेजेतून मीठ आणि पाणी एकदम मिळतं. ते तोडून त्याला चहा-बिस्किटावर चढाला लावलं तर पोटऱ्यांत गोळे येणारच. पण रात्री जे बोलणं झालं ते गोळ्यांचं नव्हतं. सुरय नैवेद्याचा, उकडे रोजच्या पोटाचे, हे आमच्याकडे घरोघरी माहीत आहे. दिंडीत फक्त सुरय शिजणार म्हटल्यावर एका म्हाताऱ्यांनी विचारलं, "म्हणजे आमचें जेवण देवाक चलना?" बोललो सगळे कोंकणीतच. ठरलं ते वहीत मराठीत लिहिलं: उकडे रात्री आठला भिजत घालणे, पहाटे काकड्याआधी चुलीवर चढवणे, सकाळी पेज, दुपारी सुरय. भिजलेले उकडे पस्तीस-चाळीस मिनिटांत शिजतात. गॅसचा प्रश्न एवढ्यावर सुटला असता, कोणी विचारलं असतं तर.

इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा त्यांना दिसलं होतं की वाटेवर एकत्र गाणारी माणसं जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात. त्याला सत्तरहून अधिक वर्षं झाली. आमची पंगत एकच असते, ह्याचा मला अभिमान आहे. पण पातेल्यातला डाव कोणाच्या हातात, ह्याकडे बघा. वाढायला कोणीही उठतो. पातेल्यापाशी मात्र तीच चार घरं. बाकीचे भाजी चिरतात, नारळ सोलतात, भांडी घासतात. तिथे जायचं नाही असं कोणी कोणाला सांगत नाही, आणि कोणी जातही नाही.

चालायचा क्रमही असाच. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मध्ये पखवाज, शेवटी वीणेकरी, आणि त्यांच्यामागे तुळशी-हंडे घेतलेल्या बायका. वीणा जमिनीला टेकत नाही, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. आमच्याकडे तिचे दोन-दोन तासांचे पार, म्हणजे पाळ्या, लावलेले आहेत, गावच्या भजनी सप्ताहाला लावतात तसे. सप्ताहात कुठल्या समाजाचा पार कधी, हे ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. मध्यरात्रीनंतरचा पार कायम एकाच वाड्याकडे, आरतीच्या अलीकडचा दुसऱ्याकडे. दिंडीत पहाटेची वीणा गार हवेत मिळते, दुपारी बाराची रणरणत्या रस्त्यावर. गेली काही वर्षं चिठ्ठ्या टाकाव्यात असं काही तरुण म्हणतात. जुने म्हणतात, मान चिठ्ठीने ठरत नाही. गोव्यात देवळांचे महाजन, म्हणजे देवळाचा कारभार आणि मान ज्यांच्याकडे ती घराणी, त्यांचे हक्क आणि नोंदी पोर्तुगीज काळातल्या 1933 च्या कायद्याने बांधून दिल्या. कोण महाजन आणि कोण नुसता सेवेकरी, ह्यावरून पालखीपुढे आजही खटके उडतात. दिंडीत महाजन नाहीत. सवय आहे.

निघतानाच्या फ्लेक्सविषयीही सांगायला हवं. सहा फूट बाय तीन फूट, टेंपोच्या मागच्या बाजूला. त्यावर विठ्ठल, त्याखाली "साखळी ते पंढरपूर पायी दिंडी, गोवा", आणि त्याखाली फोटो घालायचे की नाही, ह्यावर दोन बैठका झाल्या. विधानसभेच्या चाळीस जागा, एकेका मतदारसंघात पंचवीस-तीस हजार मतदार, कधी कधी काही शे मतांवर निकाल. अशा ठिकाणी बासष्ट माणसं म्हणजे बासष्ट घरं. पंचायतीची निवडणूक तर पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. तिथे माणूस कोणाच्या लग्नाला गेला, कोणाच्या सप्ताहाला तेल-वात दिली, दिंडीला डिझेल कोणी घातलं, हेच चिन्ह. म्हणून आमचा नियम असा: डिझेल, तांदूळ, गॅस, औषधं कोणीही द्यावीत, वहीत सगळ्यांची नावं सारख्याच अक्षरांत, आणि फ्लेक्सवर एकही चेहरा नाही. नियम टिकवायला फार वाईटपणा घ्यावा लागतो. घेतला पाहिजे.

घाटात धुकं, जळवा. जळू ओढून काढली तर जखम वाहत राहते. मिठाची पुरचुंडी टेकवली की आपोआप सुटते.

कर्नाटकातल्या कणकुंबीला माउलीच्या देवळात दुपारचा विसावा घेतला. मलप्रभा इथेच उगम पावते, आणि म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या भांडणातला कळसा नालाही इथलाच. 2018 च्या लवादाने कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी दिलं. हे आकडे आमच्यातल्या निम्म्या लोकांना पाठ आहेत. देवळाबाहेर पाऊल पडेपर्यंत भजन, आणि पडल्याबरोबर कालव्याचं खोदकाम कुठून दिसतं त्याची चौकशी. नळाखाली बाटल्या भरताना एक जण म्हणाला, हें आमचेंच उदक. पुढच्याने बाटली भरली आणि काही न बोलता त्याच्या हातात दिली.

तिथून जांबोटीच्या दिशेने ती दुपार. पाऊस मध्येच थांबला, ऊन आलं आणि ओल्या बुटांत पाय शिजले. फोड नुसत्या चालण्यापेक्षा ओलीने लवकर येतो. कातडी भिजून मऊ पडते, मोज्याची शिवण घासते, वरचा थर सुटतो आणि खाली पाणी भरतं. रबरी चपलेत अंगठ्याच्या बेचक्यात, बुटात टाचेला आणि करंगळीखाली. माझ्या डाव्या टाचेला आठ आण्याएवढा होता, पाच वाजेपर्यंत मोसंबीच्या फोडीएवढा झाला. टाळ वाजत होते आणि मला त्यांचा राग येत होता. पुढच्या रांगेतल्या माणसाची पताका दर चौथ्या पावलाला तोंडावर यायची, तिचाही. देवाचं नाव घेत होतो आणि मनात त्या माणसाला नको ते बोलत होतो. दोन्ही एकाच श्वासात चालू होतं.

रस्त्याकडेच्या एका घरापुढे थांबलो. अंगणातल्या बाईने विचारलं नाही, पाट आणून ठेवला.

"गोव्यासनं आलाय?"

"हो मावशी."

"बसा. पाय धुवा आधी."

कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ. आमच्या दिंडीत फोडातून सुई-दोरा ओवून दोरा तसाच ठेवतात, म्हणजे पाणी झिरपत राहतं. तिने ते बघून मान हलवली. दोऱ्यावरून चिखल आत जातो, तिसऱ्या दिवशी पू होतो, असं तिचं म्हणणं. गेल्या काही वर्षांत मी पाहिलेले पिकलेले पाय तसेच पिकले होते. तिने सुई चुलीच्या जाळावर धरली, थंड होऊ दिली, फोडाच्या कडेला, जमिनीला टेकणार नाही अशा बाजूला दोन भोकं पाडली आणि स्वच्छ फडक्याने हलकेच दाबून पाणी काढलं. वरची कातडी काढली नाही. "ती काढायची नाही, तीच खालची राखते." मग हळद-खोबरेल लावलं, जुन्या धोतराची धुतलेली पट्टी दोन पदरी बांधली, गाठ घोट्यावर, टाचेवर नाही. माझ्या पिशवीतलं मलम आणि चिकटपट्टी तिने बाजूला ठेवलं: "हे सकाळी लावा, पाय सुकला की. ओल्यावर चिकटत नाही ते." बरोबर होतं.

हे सगळं चालू असताना तिचे सासरे ओट्यावरून उठून टेंपोपाशी गेले. फ्लेक्स त्यांनी मोठ्याने, एक-एक शब्द सुटा करून वाचला, आणि हात जोडले. विठ्ठलाला जोडले असतील. पण मला वाटलं ते अक्षरांनाही होते. 1956 च्या नोव्हेंबरात हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि सीमाभागात कितीतरी मराठी माणसं 1 नोव्हेंबर अजून काळा दिवस म्हणून पाळतात. तिथे मराठीत लिहिलेली पाटी नुसती पाटी राहत नाही. आमच्याकडे त्याच फ्लेक्सकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

म्हाताऱ्यांनी विचारलं, "तुमच्यात पण मराठीच की?"

काय सांगायचं? आमच्या दिंडीत 1967 च्या जनमत कौलात फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने, शिक्का मारलेल्यांची नातवंडं आहेत आणि दोन पानांवर, म्हणजे गोवा वेगळा ठेवण्याच्या बाजूने, मारलेल्यांचीही. विलीनीकरणाच्या विरोधात 1,72,191 मतं पडली, बाजूने 1,38,170. घरात कोंकणी, देवापुढे मराठी, नाटकाला मराठी, भांडायला कोंकणी. 1987 च्या कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीला शासकीय वापराची मुभा मिळाली, पण त्याआधीच्या आंदोलनात माणसं मेली होती. कुळांना आणि दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकारांना मराठी ही भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, बरोबरीने उभं राहण्याची भाषा वाटली होती, आणि कौलात विरुद्ध बाजूला असलेल्यांना तीच गोव्याला गिळायला निघालेली. एकच हरिपाठ म्हणणाऱ्या दोन माणसांच्या मनात ह्या दोन आठवणी असतात. मी म्हटलं, "भजन मराठीत, आजोबा." त्यांना तेवढं पुरलं. माझ्या मागे उभा असलेला आमचा पखवाजी मात्र पुढचे दोन मैल माझ्याशी बोलला नाही. मी अर्धंच सांगितलं, असं त्याचं म्हणणं. अर्धंच सांगितलं होतं.

बाईने पैसे घेतले नाहीत. नारळ घेतला.

बेळगाव, चिक्कोडी, मिरज, सांगोला. दिवस एकमेकांत मिसळले. कुठे शाळेत झोपलो, कुठे गोदामात. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी इतकी मिळाली की पेजेसाठी जीव तुटायला लागला.

महाराष्ट्रात शिरल्यावर लोक फ्लेक्सवरचा शेवटचा शब्द तेवढा वाचतात. गोवा! मग समुद्र, मग दारू, मग मासे. "माळ नाही गळ्यात?" आमच्यातले बरेच जण वर्षभर मासे खातात आणि वारीच्या दिवसांत शिवराक, म्हणजे शाकाहारी, राहतात. माळकऱ्यांना ते पटत नाही. एका मुक्कामी शेजारच्या फडावरच्या एकाने आमच्या टाळकऱ्याला तोंडावर सांगितलं, तुमची वारी अर्धी. तो माणूस सतरा वर्षं चालतोय. त्या रात्री त्याने टाळ हातात घेतला नाही. मलाही झोप आली नाही. घाटावर ज्वारी पिकते, आमच्याकडे खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठची बांध घातलेली जमीन, आणि नदी. ताटात मासा आला तो तिथून, आणि पिढ्यान् पिढ्या आला. माळेच्या मण्यांवर कोणाची वारी मोजायची, हे ठरवायचा हक्क कोणी कोणाला दिला?

पहाटे काकड्याला टाळ त्यानेच पहिला उचलला. आम्ही सगळे त्याच्या मागे उभे राहिलो. डोळे भरून आले, ते का, ते मी तेव्हा बघितलं नाही.

पंढरपूर. पददर्शनाची रांग मैलोगणती, आम्ही मुखदर्शन घेतलं आणि कळसाला हात जोडले. मुख्यमंत्र्यांची महापूजा, रांगेतून निवडलेलं मानाचं जोडपं, सगळं पहाटे मोबाइलवर पाहिलं. चंद्रभागेत उभा राहिलो तेव्हा टाचेची पट्टी सुटून वाहत गेली. खालची कातडी धरली होती.

परत आल्यावर साखळीला हिशेब वाचला. उरलेला तांदूळ: सुरय नऊ किलो, उकडे दोन. सुरय देवळाला दिला. उकडे कोणाला द्यायचे, ह्यावर थोडी कुजबुज झाली, मग त्या प्रश्न विचारणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हातात पिशवी दिली. त्यांनी ती तिथेच वहीवाल्यापुढे ठेवली आणि म्हणाले, पुढल्या वर्साची पयली पेज हांव शिजयतां. वहीवाल्याने मान वर केली. पातेल्यापाशी बसणाऱ्या चार घरांपैकी कोणी काही बोललं नाही. मग त्याने पुढच्या पानावर तारीख घातली आणि त्यांचं नाव लिहिलं.