एका पीकमागे गेलेला दिवस

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाच्या एका नमुन्यात आज ७५.०५५ या वस्तुमानाच्या आसपास पीक आला. पीक म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरच्या आलेखावरचं टोक. नेमकी हीच जागा एनडीएमएची, म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवू शकणाऱ्या एका अशुद्धीची. २०१८ मध्ये वलसार्टन या रक्तदाबाच्या औषधात सापडलेलं, नायट्रोसामाइन गटातलं तेच रसायन. दिवसाला ९६ नॅनोग्रॅम एवढीच त्याची मर्यादा. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग!

टीममध्ये नुकतीच आलेली मुलगी हळूच म्हणाली, "सर, फेल लिहायचं का?" म्हटलं, थांब, आधी डीएमएफ कुठे येतंय ते बघू.

डीएमएफ हा साधा सॉल्व्हंट, म्हणजे द्रावक. पण त्याच्या रेणूत नायट्रोजन-१५, म्हणजे नायट्रोजनचा थोडा जड अणू असला, की त्याचा आयन (विद्युतभारित रूप) ७५.०५७ वर दिसतो. एनडीएमए ७५.०५५. फरक ०.००२ हूनही कमी! दोन्ही एकाच वेळी कॉलममधून, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळीतून बाहेर पडले आणि रिझोल्यूशन (जवळची वस्तुमानं वेगळी ओळखण्याची क्षमता) ४०,००० च्या खाली असलं, तर मास स्पेक्ट्रोमीटरला ते एकच वाटतात. मेटफॉर्मिनमध्ये असं खरंच घडलेलं आहे, एफडीए या अमेरिकी औषध नियामक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते दाखवून दिलंय. म्हणून मी नेहमी सांगतो, मशीन कितीही महागडं असो, क्रोमॅटोग्राफी, म्हणजे कॉलममध्ये घटक वेगळे करण्याची पायरी, कच्ची ठेवून चालत नाही.

दुपारभर ग्रेडियंट, म्हणजे कॉलममधून सोडलेल्या द्रावकांचं बदलतं प्रमाण, बदलत बसलो. संध्याकाळी दोन्ही वेगळे झाले. पीक डीएमएफचाच निघाला. एनडीएमएच्या जागी काहीच नव्हतं, आणि पडताळणीसाठी मुद्दाम एनडीएमए मिसळलेल्या नमुन्यात मात्र ते स्वच्छ दिसत होतं.

हे औषध माणसं वर्षानुवर्षं रोज घेतात. चुकीचा 'पास' जितका घातक, तितकाच चुकीचा 'फेल'ही, कारण चांगलं औषध विनाकारण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्या मुलीने रिपोर्टवर पहिली सही केली. उद्या दुसरा लॉट तीच लावणार आहे.